जिथे धूर तिथे चेंबूर

भारतीय न्यायशास्त्राने जवळजवळ दोन हजार वर्षं एकाच डोंगराकडे बोट दाखवून काढली आहेत. तो बघा डोंगर. त्याच्यावर धूर दिसतोय. जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, जसं की स्वयंपाकघर. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. पिढ्यान् पिढ्या पंडित हे घोकत आले. त्यावर टीका लिहिली, टीकेवर टिप्पणी लिहिली, टिप्पणीवर पुन्हा टीका लिहिली. पण उठून डोंगरावर जाऊन आल्याचं कुणी नोंदवलेलं नाही. मला या मंडळींबद्दल पूर्ण आदर आहे. फक्त त्यांच्यातलं कुणी चेंबूरला राहत नसणार, एवढं मी छातीठोक सांगतो.

चेंबूरकराला हा खटाटोप करावाच लागत नाही. आमच्याकडे ट्रॉम्बेचा डोंगर आहे, धूर आहे, आणि अग्नी तर उघड्यावरच आहे. १९५४-५५ मध्ये माहुलच्या बाजूला दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. त्यांतला एक आज हिंदुस्थान पेट्रोलियमचा आहे, दुसरा बर्मा शेलचा होता तो भारत पेट्रोलियमचा झाला. तिथल्या उंच नळकांड्यावरची ज्योत रात्री गच्चीवरून दिसते. मग अनुमान कशाचं करायचं? २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा तर शास्त्रातलं उदाहरण जसंच्या तसं उभं राहिलं. डोंगर होता, वर धूर होता, पोटात अग्नी होता. नासाच्या उपग्रहाने तो धूर अवकाशातून टिपला. पंडितांना इतका भक्कम दृष्टांत कधीच मिळाला नव्हता, आणि आम्हाला तो अजिबात नको होता.

गंमत पुढेच आहे. डोंगर राहिला, धूर राहिला, पण त्या अनुमानातलं स्वयंपाकघर मात्र निकामी झालं. दोन हजार वर्षं ‘जसं की स्वयंपाकघर’ म्हटलं की समोरचा मान डोलवायचा, कारण त्याच्या घरी चूल होती आणि डोळे चुरचुरत होते. आज चेंबूरमधल्या एखाद्या शाळकरी पोराला सांगून बघा, ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसं की किचन.’ तो विचारेल, ‘चिमणी बंद पडली का?’ घरोघरी पाइपचा गॅस आला. स्वयंपाकघरात धूर दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की दूध उतू जाऊन करपलंय आणि घरातलं माणूस फोनवर आहे.

तर्क तोच, डोंगर तोच. ऐकणारा बदलला आणि उदाहरण मेलं.

हे गौतममुनींना माहीत होतं, ही त्यांची थोरवी. न्यायसूत्रांत त्यांनी दृष्टांताची अट घालून ठेवली आहे: ज्या गोष्टीबद्दल साध्या माणसाचं आणि जाणकाराचं एकमत असतं, तिलाच दृष्टांत म्हणायचं. तुम्हाला पटलेलं उदाहरण चालत नाही, त्यालाही आधीच पटलेलं लागतं. पुढे अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त अनुमानाचे सरळ दोन कप्पे सांगितले. एक स्वतःपुरतं, ते स्वार्थानुमान. दुसरं समोरच्याला पटवण्यासाठी, ते परार्थानुमान. स्वतःची समजूत झटकन पटते. धूर दिसला, अग्नी आहे, चला पुढे. दुसऱ्याला पटवायचं म्हटलं की मात्र प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच पायऱ्या चढाव्या लागतात. याच ‘तर्कसंग्रहा’ची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली. म्हणजे पाच पायऱ्यांचं हे सामान मुंबईत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे. सोसायटीच्या सभेला जाताना कुणी ते बरोबर नेत नाही, एवढंच.

परार्थानुमानाची खरी परीक्षा काशीच्या घाटावर होत नाही. ती चेंबूरमध्ये गच्चीवर होते, प्लॅस्टिकच्या भाड्याच्या खुर्च्यांवर. आमच्या सोसायटीला तीन विंग आहेत, चार मजले आहेत, लिफ्ट नाही. बांधकाम सत्तरच्या दशकातलं. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: रीडेव्हलपमेंट.

आमचे सेक्रेटरी सरकारी प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले. तर्काला एकदम पक्के. त्यांनी प्रोजेक्टर लावला आणि आपली नोट दाखवली. प्रतिज्ञा: ही इमारत पाडून नवी बांधली पाहिजे. हेतू: कारण खांबांतली सळई गंजली आहे. उपविधींचा दाखला त्यांच्या हातात होता. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तीस उलटली की दर तीन वर्षांनी. ऑडिटचा अहवालही होता. त्यात काँक्रीटची ताकद आकड्यांत दिलेली, तड्यांचे फोटो, वर आलेख. मग पर्याय एक, पर्याय दोन, दुरुस्तीचा खर्च, पुनर्विकासाचा फायदा, आणि सगळ्याच्या शेवटी लाल अक्षरांत निष्कर्ष. मी त्या नोटमध्ये चूक शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. सगळ्यांनी मान डोलावली. काहींनी टाळ्या वाजवल्या. मग हात वर करायला सांगितले आणि प्रस्ताव धाडकन पडला.

सेक्रेटरी नंतर जिन्यात भेटले. चेहरा उतरलेला. म्हणाले, “अहो, यात न समजण्यासारखं काय होतं?”

तेच तर. न समजण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ते सगळं त्यांनी स्वतःला पटवण्यासाठी रचलं होतं, आणि ते त्यांना आधीच पटलेलं होतं.

गौतमांनी वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. ही यादी त्यांनी कोणत्या सभेत बसून केली माहीत नाही, पण त्या सभेला मेंटेनन्सची थकबाकी नक्की होती. विषय सोडून भलतीकडे जाणं, हे ‘अर्थांतर’. बी-विंगचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण पाण्याच्या टाकीचं झाकण कुणी नेलं ते आधी सांगा.” स्वतःवरचा ठपका मान्य करून तोच दुसऱ्याच्या गळ्यात घालणं, ही ‘मतानुज्ञा’. “माझी मेंटेनन्स थकली आहे हे खरं. पण मागच्या चेअरमनचीसुद्धा थकली होती, ते कुणी बोलत नाही!” वेळेवर उत्तर न सुचणं ही ‘अप्रतिभा’. सिंकिंग फंडाचा प्रश्न आला की आमचे खजिनदार चष्मा पुसायला घेतात. आणि कामाचं निमित्त करून चालू वादातून निघून जाणं, याला म्हणतात ‘विक्षेप’. मतदानाची वेळ आली की ए-विंगमधल्या निम्म्या घरांत एकदम कुकरच्या शिट्या ऐकू येतात. दोन हजार वर्षांपूर्वी कुकर नव्हते, तेव्हा लोक काय सांगून उठत असतील, हा प्रश्न मला अलीकडे सतावतो.

सी-विंगमध्ये एक गृहस्थ आहेत, त्यांच्यासाठी वेगळा शब्दच राखून ठेवलेला आहे. स्वतःची बाजू मांडायची नाही, फक्त समोरच्याची पाडायची, ती ‘वितंडा’. दुरुस्ती करू म्हटलं की ते म्हणतात, पैसे वाया. पाडू म्हटलं की म्हणतात, घाई कशाला. आहे तसंच ठेवू म्हटलं की ऑडिटचा अहवाल काढून दाखवतात.

पण सगळ्यांत मार्मिक निग्रहस्थान आहे ‘अविज्ञातार्थ’. बोलणाऱ्याने तीनदा सांगूनही प्रतिवाद्याला आणि सभेला कळलं नाही, तर बोलणारा हरला. सभा मठ्ठ होती, ही सबब चालत नाही. सेक्रेटरींनी ‘फंजिबल एफएसआय’ तीनदा समजावून सांगितला. पहिल्यांदा इंग्रजीत, मग मराठीत, मग जास्त मोठ्या आवाजात. गौतमांच्या हिशेबाने ते तिथेच बाद झाले. एका हेतूने भागत असताना पाच हेतू देणं हेही निग्रहस्थानच, ‘अधिक’ नावाचं. त्यात ते दुसऱ्यांदा बाद झाले.

कागदावर बिनचूक आणि माणसांत बेपत्ता, असा युक्तिवाद बघायचा असेल तर आम्ही चेंबूरकर पाहुण्यांना मोनोरेलचे खांब दाखवतो. २ फेब्रुवारी २०१४ ला स्वतंत्र भारतातली पहिली मोनोरेल चेंबूर ते वडाळा डेपो अशी लोकांसाठी सुरू झाली. सात स्थानकं. कारखाने आहेत, वसाहती आहेत, म्हणून प्रवासी आहेत, म्हणून गाडी हवी. यात कुठे खोट काढणार? पहिले काही दिवस लोक पोराबाळांना घेऊन सहलीला आले, खिडकीशी फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या ठरलेल्या बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले. फर्टिलायझर टाउनशिपहून भक्ती पार्कला रोज कोण जातं, हे त्या माणसांनाच विचारायचं राहून गेलं होतं बहुतेक.

सभेनंतर सूत्रं हाती घेतली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. घेतली म्हणजे कुणी दिली नव्हती. त्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी सेक्रेटरींकडून ती नोट मागून घेतली, वाचली आणि म्हणाल्या, “भाऊ, सगळं बरोबर आहे. आता हे बाजूला ठेवा.” आणि संध्याकाळी चप्पल घालून जिने चढायला लागल्या. मी कमिटीत असल्यामुळे फाइल धरायला बरोबर होतो.

चेंबूरला ‘श्रोते’ असं सरसकट म्हणताच येत नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प इथे वसला. तमिळ मंडळी इतकी, की छेडानगरात मुरुगनाचं मंदिर उभं राहिलं. पंजाबी आहेत, मल्याळी आहेत, घाटल्याचे मूळ गावकरी आहेत, आणि आपण मराठी माणसं आहोतच, एकाच मजल्यावर राहून तीन मतांची. एका भाषणात या सगळ्यांना पटवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. जन्मला तर त्याला कमिटीत घेऊ.

तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी लिफ्टच्या मुद्द्यावर सेक्रेटरींना सभेतच गार केलं होतं. “मुरुगनच्या एकशे आठ पायऱ्या मी चढते. मला लिफ्ट कशाला?” यावर सेक्रेटरींनी गुडघ्याच्या कूर्चेची झीज समजावली होती. म्हणजे मामी म्हाताऱ्या झाल्या असं भर सभेत जाहीर केलं होतं. काकू मामींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या, कॉफी घेतली, वड्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, “मामी, गुडघ्यांत जेवढ्या पायऱ्या उरल्या असतील त्या मुरुगनसाठी ठेवा की. कांद्या-बटाट्यांच्या पिशवीसाठी कशाला खर्च करता?” मामी हसल्या. पिशवीकडे बघितलं. सही तेव्हा केली नाही, पण दार लावताना विचारलं, “किचनला खिडकी कुठल्या बाजूला देणार?” खिडकीची चौकशी सुरू झाली की भिंत पडली असं समजावं, हे काकूंचं शास्त्र.

पहिल्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना कुणी काही पटवू शकत नाही, कारण समोरच्याने बेरीज केली म्हणजे ती चुकलेलीच असणार, ही त्यांची चाळीस वर्षांची नोकरी. काकूंनी त्यांना काहीच पटवलं नाही. भाडं, शिफ्टिंग आणि कॉर्पसचे कागद पुढ्यात टाकले आणि म्हणाल्या, “आम्हाला यातलं कळत नाही. चुका काढून द्या.” काकांनी रात्रभर बसून दोन चुका काढल्या. दोन्ही बिल्डरच्या बाजूच्या होत्या. सकाळी ते इतके खुशीत होते की पुनर्विकासाचे कट्टर पुरस्कर्ते होऊन गेले. आता तेच लोकांना अडवून हिशेब समजावतात. माणसाकडून स्वार्थानुमान करवून घ्यावं, परार्थानुमानाचा त्रासच वाचतो. (हे अन्नंभट्टाने लिहिलेलं नाही. त्याला बँकेतले काका भेटले नव्हते.)

जुन्या सिनेमांचे शौकीन एक गृहस्थ “वास्तूला आठवणी असतात हो” म्हणून अडून बसले होते. त्यांना ऑडिटच्या आकड्यांशी काही घेणं नव्हतं. काकूंनी एवढंच म्हटलं, “आर. के. स्टुडिओ गेला, भाऊ.” १९४८ साली उभा राहिलेला, २०१७ च्या सप्टेंबरात आगीत होरपळलेला आणि २०१९ मध्ये विकासकाला विकला गेलेला तो स्टुडिओ आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. राज कपूरच्या वास्तूपुढे आपल्या सी-विंगच्या आठवणींची काय कथा! गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “निदान गेटवर जुनं नाव राहील ना?” राहील, असं लिहून दिलं.

तरुण जोडप्यांना काही सांगावंच लागलं नाही. पार्किंग, एवढा एक शब्द पुरला. अमेरिकेतल्या सभासदाने व्हिडिओ कॉलवर पहाटे पाच वाजता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की या सगळ्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्ज माफ होईल का.

अवघड होते ते चौथ्या मजल्यावरचे सिंधी अंकल. सगळ्यांशी गोड बोलणारे, होळीला स्वतः घीयर वाटणारे. पण पुनर्विकासाचं नाव काढलं की हात जोडायचे. सेक्रेटरींनी त्यांना तीन-तीनदा समजावलं होतं, “अंकल, सिर्फ तीन साल भाड़े पे रहना है, फिर यहीं वापस आना है. उसमें क्या है?” आणि दर वेळी अंकल आणखी लांब गेले होते. सेक्रेटरींच्या मते हा हट्ट होता. म्हातारपण, दुसरं काय.

काकूंनी त्यांच्याकडे कागद काढलेच नाहीत. जुन्या गोष्टींची विचारपूस केली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंकल चार वर्षांचे असताना घरच्यांबरोबर कराचीहून निघाले. वडिलांनी घराला कुलूप लावलं, सामान अर्धं तिथेच ठेवलं. कारण सगळे सांगत होते की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, शांत झालं की परत यायचं आहे. नंतर कॅम्पातली बराक, मग एक खोली, आणि किती वर्षांनी हे घर. अंकल म्हणाले, “बेटा, वो भी यही बोले थे. थोड़े दिन में वापस आना है.”

माझ्या हातातली फाइल मला एकदम जड वाटायला लागली. ‘फक्त तीन वर्षं, मग इथेच परत’ हा आमच्या नोटमधला सगळ्यांत बिनतोड मुद्दा होता. खाली अधोरेखितसुद्धा केला होता. आणि या एका दारात तोच मुद्दा आमच्या विरुद्ध साक्षीला उभा होता. त्या माणसाने तो युक्तिवाद आधी एकदा ऐकलेला होता, आणि त्याचं निगमन काय निघतं ते त्याच्या घरच्यांनी भोगलेलं होतं. जिथे जिथे ‘थोडे दिवस’, तिथे तिथे कायमचं. या ‘जिथे जिथे, तिथे तिथे’च्या नियमालाच शास्त्रात व्याप्ती म्हणतात, आणि त्याची व्याप्ती आमच्यापेक्षा पक्की होती.

काकूंनी त्या दिवशी युक्तिवाद केला नाही. दोन दिवसांनी परत गेल्या. या वेळी मात्र कागद नेले, आणि त्यातलं एकच पान. विकासकाने प्रकल्पखर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यायची, आणि सभासदाशी केलेला करार घर रिकामं करण्याआधी नोंदवायचा. म्हणाल्या, “अंकल, तब कागज नहीं था. इस बार कागज पहले, ताला बाद में.” अंकलनी चष्मा लावला. ते पान त्यांनी तिथेच दोनदा वाचलं, मग मुलाला बोलावून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. भाड्याचं घर चेंबूरमध्येच हवं, याच रस्त्यावर असलं तर बरं, एवढी एक अट घातली. मग आतून आंटींनी पापड आणले. पापड आले म्हणजे सिंधी घरातली चर्चा मिटली.

सगळीकडे असं झालं नाही, हेही सांगून टाकतो. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी खिडकीपुढची मोकळी जागा वर्षानुवर्षं कुंपण घालून आत घेतली आहे. तिथे तुळस आहे, झोपाळा आहे, मोटारसायकल आहे, आणि कागदोपत्री तिथे काहीच नाही. नव्या इमारतीत त्यांना जे मिळणार ते कागदाप्रमाणे मिळणार. काकू त्यांच्याकडे एकदाच गेल्या, झोपाळ्यावर बसल्या, चहा घेतला आणि उठल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “त्यांचं गणित बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही सही केली नसती.” काही माणसांना तुमचा मुद्दा उत्तम समजलेला असतो, म्हणूनच ते विरोधात असतात. त्यांच्यापुढे सहावी पायरी चढण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तर माणूस बघून बोलण्याची कला, आणि ती आमच्या बिल्डरच्या माणसालाही येते. येते ना! त्या पोराला ती काकूंपेक्षा चांगली येत होती. टाय लावून तोही घरोघरी फिरला. मामींना म्हणाला, कोपऱ्यातला फ्लॅट तुमचा, पूर्वेची खिडकी. बँकेतल्या काकांना म्हणाला, कोपऱ्यातला फ्लॅट तुमचा, कार्पेट जास्त. सिनेमावाल्यांना म्हणाला, कोपऱ्यातला फ्लॅट तुमचा, तिथून संध्याकाळ छान दिसते. तिघंही अत्यंत सुखात होते. मग एका रविवारी तिघं दूध आणायला एकाच वेळी जिना उतरले. पुढचे काही दिवस तो टायवाला आमच्या गल्लीत दिसला नाही. काकू आणि तो, दोघंही माणसागणिक उदाहरण बदलत होते. फरक इतकाच, की काकूंची प्रतिज्ञा प्रत्येक दारात एकच होती, आणि त्याची प्रतिज्ञाच दर मजल्याला बदलत होती.

आणि ऐकणाऱ्याला रुचेल तेवढंच बोलायचं, असा नियम केला तर काय होतं त्याचं मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. आंबेडकर उद्यानावरून जाताना मला ते हटकून आठवतं. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. आंबेडकरांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी हाती आला, तो वाचून मंडळाचे धाबे दणाणले आणि काही भाग गाळावा अशी गळ घालण्यात आली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. अधिवेशन बारगळलं. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं, पंधराशे प्रती. ते ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यांना श्रोते कळत नव्हते असं कोण म्हणेल? त्यांच्यासाठीच तर त्यांच्याच धर्मग्रंथांतले आणि त्यांच्याच इतिहासातले दाखले काढले होते, पेशवाईसुद्धा सोडली नव्हती. दृष्टांत श्रोत्यांच्या घरचे, प्रतिज्ञा मात्र स्वतःची, आणि ती कुणी सोपी करून मागितली तर सभाच नको. त्या भाषणाला सभागृहात एकही श्रोता मिळाला नाही. वाचक अजून मिळताहेत.

आमची गोष्ट एवढी मोठी नाही. विशेष सर्वसाधारण सभा पुन्हा बोलावली. एरवी कोरम भरला नाही तर अर्धा तास सभा तहकूब करायची आणि मग असतील तेवढ्यांत उरकायची, ही आपली लाडकी सोय. पुनर्विकासाच्या सभेला ती नाही. दोन-तृतीयांश सभासद समोर हवेत आणि सगळ्याचं चित्रीकरण व्हायला हवं. पूर्वी मंजुरीलाही तीन-चतुर्थांशांचा हिशेब असे. सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या सुधारित आदेशाने तो एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांवर आला. कॅमेरा चालू असल्यामुळे सी-विंगचे गृहस्थ कलप लावून आले होते. सेक्रेटरींनी या वेळी प्रोजेक्टर लावला नाही. ठराव वाचला, “काही प्रश्न?” विचारलं आणि खाली बसले. प्रश्न एकच आला, पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा. कुकर एकाही घरात वाजला नाही. ठराव मंजूर झाला, ५१ पेक्षा बऱ्याच वरच्या टक्क्यांनी. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी विरोधात हात वर केला, आणि सभा संपल्यावर खुर्च्या उचलायला सगळ्यांत आधी तेच आले.

सेक्रेटरी अजूनही मानतात की ठराव त्यांच्या नोटमुळे मंजूर झाला, फक्त लोकांना समजायला थोडा वेळ लागला. काकूंनी त्यांना ते पटू दिलं आहे.

तुमच्याही सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी लागते. सोलर पॅनेल असो, पार्किंग असो, नाहीतर कुत्र्यांना खायला घालण्याचं भांडण असो, सभेत बोलून काही होणार नाही. ते चौदा दिवस जिने चढा. नोट घरी ठेवा, कागद एकच न्या, आणि समोरच्याने नाही म्हटलं तर आधी त्याचं कारण विचारा. प्रत्येक घरचा चहा मात्र घेऊ नका. ॲसिडिटी होते, आणि तो युक्तिवाद कुठल्याच विंगमध्ये चालत नाही.